ताईने एकही झाड लावलं नाही

ताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी सोसायटीच्या गेटवर टँकरवाल्याशी भांडत होतो. टँकर पूर्ण खाली झाला की अर्धाच, असा आमचा वाद होता. मी सेक्रेटरी असल्यामुळे तो हिंदीत, मोठ्या आवाजात आणि वर गॅलऱ्यांत उभ्या असलेल्या सभासदांना ऐकू जाईल असा घालणं माझं कर्तव्यच होतं. त्यात फोन वाजला. हंसाबेनचा. ताईच्या समोरच्या ब्लॉकमधल्या या गुजराती बाई रोज सकाळी स्वतःचं वाचून झालेलं वर्तमानपत्र ताईला नेऊन द्यायच्या. "विनूभाई, जल्दी आओ," त्या म्हणाल्या, "ताई कुर्सी पे बैठी है, पण बोलत नाय..." मी टँकर तसाच सोडून निघालो. ताईची बिल्डिंग चार मिनिटांवर. ती गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली होती, चष्मा नाकावर, चहाचा कप रिकामा. ओठाच्या डाव्या कोपऱ्याला तिची ती कायमची मुरड. समोरचा माणूस काहीतरी मूर्खासारखं बोलला की पडायची ती. डोळे मिटलेले नसते तर मला वाटलं असतं, आता म्हणेल, "आलास? तुझा टँकर कोण बघतोय मग?" त्र्याहत्तर वर्षांची होती. कुणाला त्रास न देता गेली, असं सगळे म्हणाले. जिवंतपणी तिने दिलेल्या त्रासाची भरपाई केली असावी.

संध्याकाळपर्यंत नाक्यावर फ्लेक्स लागला. आमच्या मीरा रोडला माणूस मेल्याचं घरच्यांना कळायच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळतं. 'वृक्षमाता कुमुदताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' ताईचा फोटो आधार कार्डावरून उचललेला, म्हणजे पकडून आणलेल्या बाईसारखा, आणि तोही एका कोपऱ्यात. मध्यभागी हात जोडलेले आमचे नगरसेवक आणि त्यांच्याखाली त्यांचे सात कार्यकर्ते, पैकी तिघांनी शोकाच्या फ्लेक्ससाठीही गॉगल काढलेला नव्हता. मागे हिरवंगार जंगल, बहुधा स्वित्झर्लंडमधलं. मी तिथे उभा राहून ते 'वृक्षमाता' वाचत होतो आणि मला हसू की रडू कळेना. कारण माझ्या बहिणीने आयुष्यात एकही झाड लावलं नाही. खरंच नाही. कुंडीतसुद्धा नाही. शेजारणींनी तुळस आणून दिली तेव्हा तिने ती परत केली होती. "ही तुमच्याकडे मरेल तर तुम्हाला वाईट वाटेल, माझ्याकडे मरेल तर मला राग येईल," असं काहीतरी सांगून. झाडं लावणाऱ्या माणसांबद्दल तिला जितकी तुच्छता होती, तितकी झाडं तोडणाऱ्यांबद्दलही नव्हती. तोडणारा निदान खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

ती काय करायची, हे आमच्या घरात कुणालाच कधी नीट सांगता आलं नाही. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोन भावंडं. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाली, तेव्हा वडिलांना वाटलं शाळेत चिकटेल. तिने एक जाहिरात कापून ठेवली होती. तिकडे उत्तरेत, कुमाऊँच्या डोंगरात, जंगलावर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे हंगामी मदतनीस हवा होता. ती गेली, आणि तो हंगाम तीस-बत्तीस वर्षं चालला. काम असं : चिडाची, म्हणजे तिकडच्या पाइनची, जंगलं उन्हाळ्यात जळतात. जळाली की त्या उतारावर सुतळी लावून चौकोन आखायचे, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या प्रत्येक चौकोनात काय उगवतंय ते गुडघ्यावर बसून मोजायचं. बस, एवढंच. वडील पोस्टात होते, त्यांना मोजण्याचं वावडं नव्हतं. पण कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर ते म्हणायचे, "राख मोजते. सरकारला तेवढीच कमी होती." आणि आम्ही हसायचो. आई हसायची, मी तर फारच हसायचो. तिच्या लग्नाचं दोन-तीनदा चाललं तेव्हा मुलाकडच्यांनाही हाच प्रश्न पडायचा, आणि ताई त्यांना समजावून सांगायच्या फंदात न पडता त्यांच्याकडे त्या मुरडीनेच बघायची. मग ते उठून जायचे. घरात ती तुच्छ आणि तिला घर तुच्छ, असा वर्षानुवर्षांचा करार होता आमचा.

मी तिच्याकडे एकदाच गेलो. लग्नाला वर्ष झालेलं, विम्याच्या कचेरीतून रजा काढलेली. मी आणि शुभदा थंड हवेसाठी म्हणून नैनितालला निघालो आणि आईच्या आग्रहाखातर वाट वाकडी करून ताईकडे दोन दिवस राहिलो. मे महिना होता. शुभदाने नवी साडी नेसली होती आणि ताई आम्हाला जळकं रान दाखवायला घेऊन गेली. आदल्या वर्षी जळालेला अख्खा उतार. काळे पडलेले खांबासारखे बुंधे, काही उभे, काही आडवे. सावली नाही, पाखरू नाही. शुभदाच्या साडीला काजळी लागली आणि मी मनातल्या मनात आईला शिव्या घातल्या. ताई एका ठिकाणी खाली बसली आणि म्हणाली, "विनू, हे बघ." मला काहीच दिसेना. जमिनीवर बोटभर उंचीचा हिरव्या सुयांचा एक झुपका होता. "गवत आहे," मी म्हणालो. "गवत तुझ्या डोक्यात आहे," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, आणि ते तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकलं, इतका हलका आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं. चिडाच्या झाडाखाली वाळलेल्या सुयांची गादी साचते, वीतभर जाड. त्या गादीवर पडलेलं बी मातीपर्यंत पोचतच नाही, वरच्या वर वाळून जातं. आग ती गादी जाळून टाकते. मग उन्हाने फळं उघडतात, त्यांतून पंख असलेलं बी गिरक्या घेत खाली येतं, आणि त्याला उघडी माती मिळते. उगवताना ते बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन येतं. "आणि मग चार-पाच वर्षं ते वाढतच नाही," ती म्हणाली. "वर वाढत नाही. खाली मूळ जाड करत बसतं, मुळ्यासारखं. तोवर परत आग आली, वरचं सगळं जळालं, तरी मुळाच्या मानेतून परत फुटतं. लोक येतात, बघतात, म्हणतात इथे काही नाही." तिने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघत होतो.

पण तिथल्या साहेबांना हे कळत नव्हतं असं नाही, त्यांना ते सोयीचं नव्हतं. आपोआप उगवणाऱ्या झाडाचं उद्घाटन करता येत नाही. त्याला ना खड्डा, ना नारळ, ना मंत्री. म्हणून त्या जळक्या उतारांवर दरवर्षी जीपमधून माणसं यायची, मजूर लावून खड्डे खणायचे, ते बोटभर झुपके फावड्याखाली जायचे, आणि त्या खड्ड्यांत रोपवाटिकेतली रोपं बसायची. ती बहुतेक हिवाळा काढायची नाहीत. मात्र खड्ड्यांच्या मधल्या जागेत जी आपली आपण उगवलेली वाचलेली असत, ती पुढे कमरेइतकी झाली की अहवालात लावलेल्या रोपांत जमा व्हायची. एका वर्षी असा एक तक्ता ताईपुढे सहीला आला. 'लागवडीतून जगलेली रोपे' असा मथळा होता. ताईने 'लागवडीतून' हा शब्द खोडला, वर 'आपोआप' असं लिहिलं आणि सही केली. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. नवा तक्ता टाइप करून आणला. तिने त्यावरही तेच केलं. तिसऱ्यांदा तो तिच्याकडे आलाच नाही, दुसऱ्या कुणाची तरी सही झाली. ताई ज्या हुद्द्यावर होती त्याच हुद्द्यावर निवृत्त झाली. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब झाली. ही हकीकत तिने मला सांगितली तेव्हा मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "एका शब्दासाठी एवढं?" विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार...

निवृत्त झाल्यावर ती कुठे जाणार हा प्रश्न होता. गिरगावची जागा आम्ही केव्हाच सोडली होती आणि आमच्यासारख्या सगळ्यांसारखेच उत्तरेकडे सरकत सरकत मीरा रोडला आलो होतो. ताईने शेजारच्या गल्लीत वन रूम किचन घेतला. घेतला कारण त्याच्या गॅलरीतून घोडबंदरच्या बाजूचे डोंगर दिसायचे, दोन टॉवरांच्या फटीतून का होईना. बाकी इथलं काहीही तिला पसंत नव्हतं. रस्त्याच्या दुभाजकात लावलेल्या शोभेच्या झाडांना ती 'सरकारी पाहुणे' म्हणायची. आमच्या सोसायटीने गच्चीवर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं, त्या दिवशी ती खास बघायला आली आणि अर्धा तास नुसती त्यावर उभी राहिली. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी मोठ्या हौसेने पाहुण्यांना परतभेट म्हणून रोपं वाटली, तर ही भर मांडवात त्यांना म्हणाली, "एवढ्या पिशव्यांत एवढे जीव घालून घरोघर मरायला पाठवलेत. फुलं द्यायची होतीत, ती निदान आधीच मेलेली असतात." व्याही अजून ते विसरलेले नाहीत. शुभदा तिच्याशी वर्षभर बोलली नाही. आणि मला सांगायला हवं की ताई वाईट बोलायची, वाईट वागायची. ती गेल्यावर तिला गोड करून सांगायचा जो उद्योग सुरू झालाय, त्यात मला भर घालायची नाही. तिच्याबरोबर अर्धा तास बसलं की माणसाला आपण किती फालतू आहोत हे कळायचं, आणि ते कळून घ्यायला रोज कोण जाईल?

तीन-एक वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये घोडबंदरकडच्या चेणे गावाच्या वरचा एक उतार जळाला. गवत पेटलं, कुणी पेटवलं, कुणाला माहीत. दिवसभर धूर दिसत होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर धुराचे फोटो आणि हात जोडलेल्या इमोजी आल्या, आणि मग लोक जेवले. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी बसने चेण्याला गेली. सत्तरीची बाई, हातात काठी, पिशवीत पाण्याची बाटली आणि सुतळीचं बंडल. संध्याकाळी परत आली ती कोपरापर्यंत काळी होऊन. त्यानंतर ती आठवड्यातून तीनदा जायला लागली. मी विचारलं, "तिथे काय चीड आहे का तुझी?" ती म्हणाली, "नाही ना. तीच तर गंमत आहे." आणि मग तिने मला ते सांगितलं, ज्याचं मला आजही नवल वाटतं. ती उतारावर चौकोन आखून, गुडघ्यावर बसून, भिंग घेऊन राखेत बी शोधत होती. तिथे पायथ्याला राहणारी मथुराबाई नावाची एक बाई, हायवेच्या कडेला रानभाज्या विकायला बसते ती, बराच वेळ हिच्याकडे बघत उभी होती. शेवटी तिने विचारलं, "काय सांडलाय काय बाय तुजा?" ताई म्हणाली, "बी शोधतेय. काय उगवणार ते बघायचंय." मथुराबाई हसली. "बी कशाला? बी न्हाय शोधायचा. ह्यो बग." तिने एका काळ्या ठिक्कर खुंटाच्या बुडाची राख बोटाने बाजूला केली. खाली तांबूस कोंब होता, तांदळाएवढा. "मेलेला न्हाय ह्यो. वरतून जलला, बुडाला जिता हाय. कुडा हाय. त्यो ऐनाचा खुंट. समदं बुडातून फुटतं हितं." ताई मला म्हणाली, "विनू, बत्तीस वर्षं मी जळलेल्या जंगलात घालवली आणि मला माहीत नव्हतं कुठे बघायचं ते." 'मला माहीत नव्हतं' हे शब्द तिच्या तोंडून मी पन्नास वर्षांत ऐकले नव्हते. मे महिन्याच्या ऐन उन्हात, पाण्याचा थेंब नसताना, त्या खुंटांना हातभर पालवी आली. ताई परत आली की सांगायची, आज इतके. मी "हो का" म्हणायचो.

आता माझं सांगतो. पाऊस स्थिरावला तसा नगरसेवकांच्या कचेरीतून फोन आला. वनमहोत्सव करायचाय, चेण्याला तो जळलेला डोंगर आहे, 'एकदम बोडका, फोटोला चांगला', आपल्या सोसायटीने माणसं आणावीत. मी आणली. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या जोडणीचं काम त्यांच्याकडे अडकलेलं होतं आणि मला त्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं होतं, इतकं साधं आहे ते. एकसारखे हिरवे टी-शर्ट घालून दोन बसेस भरून आम्ही गेलो. तोवर मजुरांनी अर्धा उतार 'साफ' केला होता. साफ म्हणजे कोयत्याने ते खुंट, पालवीसकट, जमिनीलगत उडवले होते, आणि जिथे कोयता चालला नाही तिथे यंत्राने उपटून बाजूला ढीग केला होता. खड्डे रांगेत, चुना टाकलेला. उरलेल्या अर्ध्या उताराच्या तोंडाशी मथुराबाई आणि तिच्या पाड्यावरच्या पाच-सहा बायका पदर खोचून उभ्या होत्या, यंत्र पुढे येऊ देत नव्हत्या. "हितून लाकडं, हितून भाजी, आनि तुमी हितं गुलमोहर लावनार?" असं काहीतरी मथुराबाई ओरडत होती. ताई त्यांच्याबरोबर उभी होती. मी तिला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. नगरसेवकांच्या डाव्या हाताला, हातात रोप धरून, मी फोटोसाठी उभा राहिलो. ताई काठी टेकत माझ्याजवळ आली. सगळ्यांच्या देखत. मला वाटलं आता शोभा करणार. ती हळूच म्हणाली, "विनू, पाय उचल." मी खाली बघितलं. माझ्या बुटाखाली एक वाचलेला फुटवा होता. मी दात काढले. म्हणालो, "ताई, प्लीज, लोकांसमोर नको." पाय उचलला नाही... फोटो निघत होता. ती दोन क्षण थांबली आणि गेली. तिची ती मुरडसुद्धा पडली नाही त्या वेळी. पडली असती तर बरं झालं असतं.

मग ती माझ्याशी बोलायची थांबली. लावलेल्या रोपांना दसऱ्यानंतर कुणी पाणी घातलं नाही, कारण कुणी घालणारच नव्हतं. त्यांच्या काड्या झाल्या, काड्यांचं सरपण झालं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती आणि मी बघायला गेलोही नाही. दीड वर्षाने तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि थेंब घालायला माणूस हवा होता. हंसाबेन मुलाकडे गेलेल्या होत्या. तिने फोन केला, "दिवसातून चार वेळा यायचं. बडबड करायची नाही." मी महिनाभर गेलो. ती खुर्चीत मान मागे टाकून बसायची, मी पापणी धरून थेंब टाकायचो. एवढ्या जवळून मी तिचा चेहरा कधी बघितला नव्हता. आईसारखा दिसायला लागला होता. एकदा मी धीर करून म्हणालो, "ताई, त्या झाडांचं काय झालं?" "कुठल्या?" "आम्ही लावलेल्या..." ती म्हणाली, "उजव्यात अजून एक थेंब राहिलाय." मी टाकला. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. माफी मागायला मला तोंड नव्हतं असं मी म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. तोंड होतं, ते मी नगरसेवकांसमोर रोज वापरत होतो.

तर शोकसभा. तेराव्यानंतरच्या रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये. ताईच्या फोटोला एवढा हार की फक्त चष्मा दिसत होता. तिला जिवंतपणी टाळणारी यच्चयावत माणसं हजर होती. एका बाईंनी ताईच्या मृदू स्वभावाबद्दल सांगितलं. त्या तिला कधी भेटलेल्या नसणार. आमचे खजिनदार म्हणाले की ताईंनी हिमालयात लाखो वृक्ष लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत. मग नगरसेवक उठले. त्यांनी वृक्षमातेच्या स्मरणार्थ स्मृतिवन जाहीर केलं. चेण्याच्या त्याच डोंगरावर, मागच्या वेळी 'काही अडाणी लोकांच्या विरोधामुळे' राहून गेलेल्या अर्ध्या भागात, पाऊस लागला की. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला आभार मानायचे होते.

मी उठलो. माईक हातात घेतला तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या बहिणीने आयुष्यात एकही झाड लावलं नाही." लोकांना वाटलं मी दुःखाने चुकलो. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी परत म्हणालो. म्हणालो की झाडं लावणाऱ्यांची तिला किळस होती. तिने फक्त आपोआप उगवणारी झाडं मोजली आणि ती आपोआप उगवली असं कागदावर लिहिलं, आणि एवढ्यासाठी तिची बढती गेली. चेण्याच्या डोंगरावर जो अर्धा भाग राहिलाय, तो राहिला नाही, त्या अडाणी लोकांनी तो राखलाय. तिथे खड्डा खणायचा असेल तर माझ्या बहिणीचं नाव काढून टाका, मी ते देणार नाही. आणि मागच्या वेळचा उतार साफ झाला तेव्हा मी तिथे हिरवा टी-शर्ट घालून उभा होतो, हेही सांगतो... आणि मी माईकसमोरच रडलो. नगरसेवक उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, "काका दुःखात आहेत. आपण समजून घेऊया." सगळ्यांनी समजून घेतलं. मग चहा आला. घरी जाताना शुभदा, जिला ताईने आयुष्यभर धारेवर धरलं, ती जिन्यात थांबून म्हणाली, "बरं केलंत." आणि वर गेली.

माझ्या भाषणाने स्मृतिवन थांबलं असं वाचकांना वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. मी दोन कार्यालयांत अर्ज दिले, दोन्हीकडे शिक्का मिळाला. मथुराबाईच्या पाड्यावरचे लोकही जाऊन आले, त्यांना शिक्कासुद्धा मिळाला नाही. निमंत्रणपत्रिका छापल्या गेल्या. आणि मग कार्यक्रमाला चार दिवस असताना नगरसेवकांच्या कचेरीतून त्यांच्या मदतनिसाचा फोन आला. "काका, सॉरी हां, चेण्याचं कॅन्सल करतोय. वरून मोठे पाहुणे येतायत आणि तिकडे गाड्या लावायला जागाच नाय. पार्किंगचा इश्यू झालाय." स्मृतिवन इकडे रुंद रस्त्याच्या कडेला एका प्लॉटवर झालं. बाटलीसारख्या बुडाचे शोभेचे पाम लावले, ओळीने. माझ्या बहिणीच्या नावाची पाटी त्यांच्यापुढे उभी आहे. बत्तीस वर्षांच्या कामाने वाचलं नाही, बायकांच्या ओरडण्याने अर्धं वाचलं, माझ्या अश्रूंनी तर काहीच नाही. उरलेला डोंगर वाचला तो पार्किंगमुळे. ताईला हे सांगता आलं असतं तर ती किती हसली असती.

ताईला जाऊन आता दीड-दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात मी बसने चेण्याला गेलो. एकटाच. मथुराबाई हायवेच्या कडेला भाजीचे वाटे लावून बसली होती. मी ओळख सांगितली. तिने मला आपादमस्तक बघितलं, तिला तो हिरवा टी-शर्ट आठवत असणार. वाटे शेजारणीवर सोपवून ती उठली आणि पुढे चालू लागली, मी मागे. वर गेल्यावर डाव्या हाताला आमचा अर्धा, तिथे नुसतं गवत आणि रानमोडीचं तण. उजव्या हाताला त्यांचा अर्धा. तिथे मला आत शिरायला वाट सापडेना. कुडा माझ्या डोक्याच्या वर गेलाय, ऐनाच्या एकेका खुंटातून चार-चार फांद्या, मधे कारवी, आणि मला नावं माहीत नसलेलं कितीतरी. मी एका दगडावर टेकलो, दम लागला होता. मथुराबाई उभीच होती. माझ्याबद्दल तिच्या मनात काय आहे ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि मला ते ओळखीचं वाटलं.

"बाय तुमचा लय सांगायची," ती एकदम म्हणाली.

"माझं? काय सांगायची?"

"येडा हाय म्हनायची माजा भाव."

मी मान हलवली. मग राहवेना म्हणून विचारलं, "आणि?"

"आनि काय?" मथुराबाई म्हणाली. "रोज म्हनायची."